बटाटीचं वजन

बटाटेवाल्याला कोणी काहीही बोला, पण त्याच्या लेकीला किडकिडीत म्हटलेलं त्याला खपायचं नाही. तो तिला लाडाने 'बटाटी' म्हणायचा. आता पावणेदोन वर्षांची ती पोर काडीसारखी होती, त्याला तो तरी काय करणार? आईबाप दिवसभर गाडीवर आणि पोरगी चहात बुडवलेल्या बिस्किटावर!

त्या सकाळी पोरांची वजनं करणारी नर्सताई गल्लीत आली. तिने बटाटीला झोळीत घालून काट्याला लटकवलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"साडेसात किलो. फारच कमी आहे हो. चहा बंद करा आणि ही गोड पेस्टची पाकिटं रोज द्या."

"साडेसात?" बटाटेवाला उसळलाच. "ताई, तुमचा काटा बिघडलाय! अख्खा जन्म गेला माझा वजनं करण्यात!"

झालं! गल्ली गोळा झाली. त्याने तराजूच्या एका पारड्यातले बटाटे उपसले, तिथे लेकीला बसवलं आणि दुसऱ्यात धडाधड वजनं टाकली. दांडी सरळ झाली. "नऊ! बघा, नऊ!" बायकांनी टाळ्या पिटल्या. बटाटीनेही पिटल्या.

आता ऐका खरी मेख. त्या वजनांची बुडं ह्याच पठ्ठ्याने एका दुपारी दार लावून पोखरली होती आणि भोकं काळ्या मेणाने बुजवली होती. बायकोलाही पत्ता नव्हता. पण टाळ्या पडल्या आणि गडी स्वतःच फसला! मिशीला पीळ देत उभा राहिला.

बायकोच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं. "बाई गं, किती घोर लागला होता मला! ताई, ही पाकिटं ठेवा तुमच्याकडे. ज्यांची खरंच खंगलीत, त्यांना द्या."

"अहो, तिचा दंड तरी बघा," नर्सताई कळवळून म्हणाली.

"माझा ह्यांच्या वजनांवर विश्वास आहे," बायको ठामपणे म्हणाली. नर्सताईने पिशवी उचलली.

बटाटेवाल्याने लेकीला पारड्यातून उचललं. पोती उचलून रापलेले हात ते, त्यांना तराजू लागत नाही. हातावर पोर आहे की नुसता फ्रॉक, तेच त्याला कळेना.

"ताई, थांबा! असू द्या दोन-चार पाकिटं. चवीला."

"नऊ किलोच्या पोरीला कशाला?" बायको म्हणाली.

"तसं नाही गं... वारा होता मघाशी. पारडं खाली दाबलं असेल त्याने."

"वारा?"

"शिवाय फ्रॉक जड आहे तिचा."

"दीड किलोचा?" गर्दीतली शिलाईवाली म्हणाली. फ्रॉक तिनेच शिवला होता. "मी काय गोणपाट शिवलंय का हो?"

सगळ्या खो-खो हसल्या. नर्सताई कोपऱ्यापर्यंत पोचली. बटाटेवाल्याने लेकीला खांद्यावर टाकलं आणि तो एका पायात चप्पल घालून धावत सुटला. "ताई, माझी वजनं खोटी आहेत! पोकळ आहेत! पोरगी साडेसातच आहे हो!"

ओरडून झाल्यावर त्याला कळलं, की अख्ख्या गल्लीने ऐकलंय. बायकोने एक वजन उलटं करून आपटलं, तर मेणाचा गोळा टुणकन बाहेर पडला. मग काय विचारता!

"तरीच माझी भाजी पुरत नाही!" एक सासू कडाडली. "मी आपली सुनेवर संशय घेत बसले!"

"मग मागा माफी," सून म्हणाली. "आत्ता. सगळ्यांसमोर."

बायकोने परत आलेल्या नर्सताईच्या हातातून पाकीट घेतलं, दाताने फोडलं आणि लेकीच्या तोंडाला लावलं. बटाटीने ते असं ओढलं, की सोडवता सोडवेना.

शिलाईवालीचं हसू तेवढं मावळलं होतं. आपल्या पोराला कडेवर घेऊन ती पुढे आली. "ताई, ह्याचंही वजन करा."

नर्सताईने केलं. आकडा बघून तिने पिशवीतून आणखी पाकिटं काढली.

"मला वाटायचं, मी किलोभर नेते, तेवढं पुरायलाच हवं," शिलाईवाली बटाटेवाल्याला म्हणाली. "ह्यालाच खा-खा सुटलीय म्हणून ओरडायचे मी ह्याला. परवा तर धपाटाही घातला."

बटाटेवाल्याने तिची पिशवी ओढून घेतली आणि दोन्ही हातांनी तीत बटाटे भरू लागला. तराजूकडे पाहिलंही नाही. मध्येच थांबून त्याने तिच्याकडे बघितलं.

"भरा," ती म्हणाली. "मी सांगेपर्यंत थांबायचं नाही."

तो भरत राहिला. पिशवी काठोकाठ भरली, बटाटे रस्त्यावर घरंगळायला लागले, तरी तिने 'थांबा' म्हटलं नाही.