सुर्व्यांचं शनिवारचं इंजिन

“आज पण कुलूप?” सुर्व्यांनी विचारलं.

“आज पण,” मी म्हटलं. चावी माझ्याच खिशात होती आणि मांडीला टोचत होती.

त्यांचा हा सलग तिसरा शनिवार फुकट चालला होता. हरिश्चंद्र सुर्वे मिरकरवाड्याहून दोन बस बदलून आमच्या कॉलेजात यायचे. हातात डिझेलचा छोटा कॅन, खांद्यावर पंचा. वय पासष्टच्या पुढे. आयुष्यभर त्यांनी मच्छीमारांच्या होड्यांची इंजिनं बसवली आणि दुरुस्त केली. मी या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये पोरांना कानस धरायला शिकवतो. खोटं बोलण्याची सवय नव्हती, पण तीन शनिवारांत चांगलीच अंगवळणी पडली.

सुर्व्यांची मोटरसायकल रत्नागिरीत कोणाला ठाऊक नव्हती असं नाही. खडकावर आपटून फुटलेल्या एका होडीचं दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन त्यांनी भंगारातून उचललं, आणि ते मावेल अशी मोटरसायकल त्याच्याभोवती बांधली. दीड लिटरचं इंजिन. बुलेटची चार इंजिनं पोटात घालून त्याने वर ढेकर दिला असता. सांगाडा जाड पाइपांचा, गिअरबॉक्स मोडक्या जीपचा, मागचं चाक टेम्पोचं. सहा वर्षं लागली. त्यांची बायको हौसाबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, “लोकं घर बांधतात, आमच्या ह्यांनी गाडी बांधली.” सुर्वे भाट्याच्या पुलावर चढले की पलीकडचा टपरीवाला आवाज ऐकूनच चहा टाकायचा.

त्या इंजिनाची बेअरिंगं बाजारात मिळेनात. तेव्हा सुर्व्यांनी परसात पांढरा धातू वितळवून स्वतः ओतला. मग निळी लावून कुठे घासतंय ते बघायचं, स्क्रेपरने केसाएवढं खरवडायचं, पुन्हा निळी लावायची, असे तीन महिने. हे काम आता कोणी करत नाही. मलाही येत नाही, आणि पगार मी शिकवण्याचा घेतो.

दोन हजार दोन साली चौकात हवालदाराने गाडीचं पुस्तक मागितलं. पुस्तकात एक इंजिन, गाडीत भलतंच. गाडी रस्त्यावर आणायची नाही, म्हणाला, आणि नियमाने त्याचं बरोबरच होतं. एका हॉटेलवाल्याने ती दारात शोभेला मागितली. सुर्व्यांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. मग नम्रता त्यांच्याकडे गेली.

नम्रता आमच्याकडे मेकॅनिकलची लेक्चरर आणि सुर्व्यांची सख्खी पुतणी. तिचे वडील मुंबईत गिरणीत होते, म्हणून ती काकाकडेच वाढली, शिकली. “काका, आमच्या वर्कशॉपला द्या. तिथे ती जिवंत राहील. दर शनिवारी तुम्हीच येऊन सुरू करा.” सुर्व्यांची तेवढीच एक अट होती, इंजिन बंद पडू द्यायचं नाही. गाडी कॉलेजला दिल्याच्या कागदावर त्यांनी न वाचता सही केली. घरच्या पोरीने आणलेला कागद कोण वाचत बसतो?

दोन महिने मजेत गेले. शनिवारी सुर्वे इंजिनातला दाब सोडणारा खटका उचलून धरायचे, मी दोन्ही हातांनी सुरू करायचं हँडल फिरवायचो, वेग आला की ते खटका सोडायचे आणि वर्कशॉपच्या खिडक्या थरथरायला लागायच्या. मग आम्ही पायरीवर बसून चहा प्यायचो. त्या आठ शनिवारांत मी जितकं शिकलो तितकं नोकरीच्या अठरा वर्षांत शिकलो नव्हतो.

नंतर तपासणी समितीचं पत्र आलं. लॅबमध्ये आतले भाग दिसतील असं कापलेलं डिझेल इंजिन हवं, असं यादीत होतं. आमच्याकडे नव्हतं आणि समिती सोमवारी येणार होती. बुधवारी नम्रता माझ्याकडे आली. “दादू सर, काकांचं इंजिन कापा.”

“काकांना विचारलंत?”

“मी सांगते त्यांना.”

ती सांगणार नाही हे मला कळलं होतं. तरी मी इंजिन सुटं केलं आणि करवतीखाली घातलं. इंजिनाच्या बिडाच्या अंगाला दोन दिवस लागले. बेअरिंगचा पांढरा धातू मात्र लगेच कापला गेला. शनिवारी सुर्वे बाहेर पायरीवर बसले होते तेव्हा आत रंग ओला होता. लाल, पिवळा, निळा. सोमवारी समिती खूश झाली. उरलेली गाडी वर्कशॉपमागे ताडपत्रीखाली गेली.

आज सुर्व्यांनी कॅन खाली ठेवला आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

“दादू, खरं सांग. फुटलं काय?”

मी खिशातली चावी चाचपली.

“फुटलं तर फुटलं रे. सुरू करताना हँडल उलटं फिरलं असंल. त्यात लाजायचं काय? मी जुळवतंय. उघड.”

त्याक्षणी मला माझी इतकी लाज वाटली की कुलूप कसं उघडलं तेही आठवत नाही.

इंजिन स्टँडवर होतं. अर्धं अंग उघडं, रंगवलेलं. सुर्वे त्याच्याभोवती एक फेरी फिरले. हात लावला नाही.

“कोणी कापलं?”

“मी.”

“सांगितलं कोणी?”

मला उत्तर द्यावं लागलं नाही. त्यांना आत येताना पाहून नम्रता लगबगीने आली होती आणि दारातच थांबली होती.

“काका, मी येणारच होते सांगायला. समिती होती. आता बघा, दरवर्षी साठ मुलं ते आतून बघतील. तुमचं काम बघतील.”

“व्हय. दिसतंय.” सुर्व्यांनी बेअरिंगवर नख ओढलं. पिवळा रंग निघाला. “नमू, मिरकरवाड्यात भंगाराला असली धा इंजिनं पडलीत गो. मेलेली. एक शब्द टाकला असतास तर टेम्पोत घालून आणून दिलं असतं. मीच कापून दिलं असतं.”

“वेळ नव्हता, काका.”

“त्या शनिवारी मी हितंच पायरीवर बसलो होतो.”

आम्ही दोघं धरून चाललो होतो की म्हातारा नाही म्हणणार. तो नाही म्हणालाच नसता. विचारायला पाच मिनिटं लागली असती.

सुर्व्यांनी कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला आणि झटकला. अंगठ्यावर रक्ताची बारीक रेघ उमटली होती.

“धार ठेवलीस, दादू. पोरांची बोटं कापतील. अर्धगोल कानस दे.”

मी दिली. त्यांनी स्टूल ओढलं, पंचा मांडीवर पसरला आणि कडेची धार मारायला सुरुवात केली. हात अजून तसाच होता, लांब आणि सरळ, मी पोरांना फळ्यावर काढून दाखवतो तसा. नम्रता त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली.

“काका, राहू दे ना ते. घरी चला, मी सोडते.”

कानस थांबली नाही.

“मॅडम,” वर न बघता सुर्वे म्हणाले, “जरा बाजूला व्हा. उजेड अडतोय.”

ती बाजूला झाली.