आगीचा पायगुण

अध्यक्षसाहेब, उद्यान समितीच्या लेटरहेडवर तुम्ही सही करून लिहिलंत की माझ्या बहिणीच्या हातात आग आहे. ती तोंडी अफवा नव्हती, लेखी होती, शिक्क्यासकट. शिकलेल्या माणसानं एका पॉलिशवालीला चेटकीण ठरवलं आणि खाली तारीखही घातली.

बागेतल्या त्या आठकोनी लाकडी मंडपाभोवती तेव्हा जत्रा लोटली होती. माणसं कुंपणावर चढून बसली होती. फुलझाडं तुडवली जात होती आणि माळी हताशपणे शिट्टी फुंकत होता. सगळ्यांचे डोळे एका लाकडी पेटीवर. दुपारचे तीन वाजून गेलेले. पेटीला कोणी हात लावला नव्हता, काडी ओढली नव्हती, वर भिंगबिंग काही नव्हतं. तरी फटीतून धूर निघाला, मग जीभ काढावी तशी ज्योत बाहेर आली. बायका मागे सरकल्या, पुरुषांनी मोबाइल वर केले.

पेटीमागे ज्वालाबाबा मांडी घालून बसले होते. स्वच्छ कपडे, मऊ आवाज, समोर माइक. तुम्हीच त्यांना दुरुस्तीच्या उद्घाटनाला आणलं होतंत आणि मग ते हललेच नाहीत. ते सांगत होते की लाकडाला स्मृती असते. तोडलेल्या झाडाचा राग त्याच्या अणुअणूत साठतो, आणि अशुभ हात फिरला की ती ऊर्जा जागी होते. कंपनं, लहरी, पेशी, सगळं एका दमात. बाबांनी शाळेत विज्ञानाचा तास बुडवला असेल, पण शब्द मात्र सगळे वेचून आणले होते.

अशुभ हात म्हणजे आमची ताई.

ताई वीस वर्षं पॉलिश करते. दारं, कपाटं, पलंग, सगळं घरातलं काम आणि सगळं लाखेचं. या कामाची एक सवय असते. दुपारी जेवायला उठताना पॉलिशचा गोळा, म्हणजे लाखेत भिजवलेला कापसाचा बोळा, उघडा टाकायचा नाही. तो वाळून कडक होतो. म्हणून फडक्यात गुंडाळून, वर आणखी फडकी दाबून, कोपऱ्यात बंद ठेवायचा. ताई हे झोपेतही करील. मंडपाचं काम मात्र वेगळं होतं. ऊन, पाऊस, वाळवी यांना लाख टिकत नाही, म्हणून समितीनं जवसाचं तेल आणलं होतं. खांब पॉलिश पेपरनं घासायचे, तेल चोळायचं, जास्तीचं फडक्यानं टिपून घ्यायचं. ताईनं ते चोख केलं आणि तेलाची फडकी सवयीनं गुंडाळून, दाबून, बाकाखालच्या भुशाच्या पोत्यात ठेवली.

पोतं पेटलं. चार दिवसांनी दुसरं पेटलं. मग बाबांना साक्षात्कार झाला. त्यांनी हुकूम सोडला की या बाईची फडकी रोज आपल्या 'शांतिपेटी'त जमा व्हावीत, राग ते स्वतः शोषून घेतील. पेटीत रंध्याच्या सालपटांची गादी. काही दिवशी पेटी पेटायची. काही दिवशी बाबा जाहीर करायचे की आज आपण आग गिळली, आणि खरंच काही व्हायचं नाही. मग लोक पाया पडायचे.

तुमच्या पत्रानं ताईचं काम गेलं. घरी तर त्याहून वाईट. सासूबाईंनी तिच्या हातून गॅसचा लायटर काढून घेतला. ती स्वयंपाकघरात शिरली की कोणीतरी मागोमाग येऊन उभं राहायचं. शेवटी सासूबाईंनी सांगून टाकलं, आता कुठंही काही पेटलं तर तू भावाकडे जा, तुझी पोरगी इथंच राहील. ताई माझ्याकडे आली तेव्हा रडली नाही. खुर्चीवर बसून सारखी आपले तळहात उलटेसुलटे करून बघत होती. मला म्हणाली, "खरंच काही असेल का रे माझ्यात?"

वीस वर्षं कष्ट केलेल्या बाईला तुम्ही हा प्रश्न पाडलात.

मी तिला घेऊन शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंकडे गेलो. बाईंनी एकच विचारलं, आग लागत नाही त्या दिवशी ती फडकी कुठं असतात? आम्ही जाऊन पाहिलं. बाबांच्या आसनामागे पडदा आणि पडद्यामागे पाण्याची बादली. त्यात ताईची फडकी अजून बुडवलेली. आग गिळण्याची जागा ती.

मग बाईंनी चारचौघांत मागणी केली की अध्यक्षांनी स्वतः एक खांब तेलानं पुसावा. फोटोग्राफर होता म्हणून तुम्ही तयार झालात. आठवतंय ना? बाह्या सरसावून, हसत हसत. तुमच्या शुभ हातांची फडकी बाईंनी तीन वाटे करून ठेवली. एक वाटा दोरीवर सुटा पसरला. एक बादलीत बुडवला. तिसरा चुरगाळून, सालपटांत दाबून, पत्र्याच्या डब्यात. ताईला फाटकापाशी बसवलं, मंडपाकडे पाठ करून. शेजारी सासूबाई. त्यांनी तिचं मनगट धरून ठेवलं होतं, चोर धरावा तसं.

सकाळचे दहा वाजले होते. अकरा झाले, बारा झाले. लोक चुळबुळायला लागले. बाबा म्हणाले, बाईंनी आता याच डब्यावर भात शिजवावा. हशा पिकला. मी सारखा फाटकापर्यंत जायचो आणि परत यायचो. ताई मान वर करत नव्हती. एक वाजता बाईंनी डब्यात तापमापी खुपसली आणि आकडा मोठ्यानं वाचला. बाहेरच्या हवेपेक्षा दुप्पट. पुढच्या वेळी आणखी वर. हशा विरला. अडीचच्या सुमाराला करपलेल्या तेलाचा वास सुटला, मग धूर. बाईंनी काठीनं ढीग सैल केला, हवा आत गेली आणि डबा भडकला.

दोरीवरची फडकी वाऱ्यावर हलत होती. गार होती.

बाबा माइकमध्ये ओरडले की ही तिचीच नजर आहे. तेव्हा फाटकापासून सासूबाईंचा आवाज आला. "कसली नजर? सकाळपासून तिची पाठ आहे तिकडं. मी धरलंय तिला." आणि मग, आमच्यापैकी कोणालाही अपेक्षा नसताना, त्यांनी ते मनगट सोडलं आणि ताईच्या तळहातावर आपला हात ठेवला.

बाईंनी सगळं चार वाक्यांत सांगितलं. जवसाचं तेल वाळतं म्हणजे हवेतला प्राणवायू शोषतं. शोषताना ऊब सुटते. फडकं पसरलं तर ऊब उडून जाते, दाबून ठेवलं तर आत कोंडते, वाढते, पेटते. त्याला ना राग लागतो, ना पायगुण. बाबा त्या संध्याकाळी पेटी न घेताच गेले.

लोकहो, काही विचित्र घडलं की पहिला प्रश्न 'कोणामुळं' असा विचारू नका. 'कशामुळं' असं विचारा. पहिल्या प्रश्नानं एक बाई घराबाहेर पडत होती. दुसऱ्यानं फक्त एक डबा जळाला.

आता साहेब, तुम्ही. ताईला काम परत दिलंत, पत्र मागं घेतलंत, 'गैरसमज' असा शब्दही वापरलात. पण ताई कामावर गेली त्या दिवशी बाई तेलाचे डबे बघायला सोबत आल्या होत्या. प्रत्येक डब्यावर बाबांचा फोटो चिकटवलेला, तेल पवित्र केल्याची खूण म्हणून. उद्घाटनाच्या दिवशीचं काम ते. बाईंनी एक फोटो ओला करून सोलला. खाली कारखान्यानं लाल अक्षरांत छापलं होतं: तेलाची फडकी गोळा करून ठेवू नयेत, आपोआप पेट घेतात, पाण्यात बुडवावीत किंवा सुटी पसरावीत.

ताईला वाचता येतं, साहेब. तिनं ते वाचलं असतं तर पहिलं पोतंसुद्धा पेटलं नसतं.

डबे तुमच्या कचेरीत होते आणि किल्ली तुमच्याकडे. ते फोटो चिकटवायचा हुकूम कोणी दिला? आणि देताना खालचा मजकूर वाचला होता की नाही? होय किंवा नाही. तेही लेखी द्या, शिक्क्यासकट.