खुशालरावचा दारुड्याचा रोल

दर रविवारी अकराच्या सुमाराला अंजनगाव सुर्जीत खुशालरावचं तोंड हुंगलं जायचं. हे काम सासूबाईंकडे, म्हणजे माणिकबाईंकडे होतं. मोतीबिंदूनं त्यांची नजर गेली होती, पण गेलेली सगळी नजर नाकात येऊन बसली होती. खुशालरावनं अमरावतीहून सकाळची बस धरायची, दर्यापूरमार्गे आदळत यायचं, सासऱ्याच्या ओट्यावर बसायचं आणि 'आ' करायचा. माणिकबाई वाकायच्या, दोनदा हुंगायच्या आणि घरात निकाल कळवायच्या, "जमुने, चहा ठेव वो."

चहा म्हणजे पास.

मग आत कॅलेंडरवर खूण पडायची. अट जमुनाची होती. बावन्न रविवार कोरडे काढायचे, त्रेपन्नाव्याला ती नवऱ्याबरोबर अमरावतीच्या बसमध्ये बसणार. मधे एक जरी चुकला तरी मोजणी पुन्हा एकपासून. तिचा भाऊ पुंजाराम हा या अटीचा पहारेकरी होता आणि हे काम तो बिनपगारी असूनही मन लावून करायचा.

खुशालराव राजापेठेत, तीन शिकवणी वर्गांच्या मधे दबलेल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात प्रयोगशाळा परिचर होता. पोरांना परीक्षानळ्या द्यायच्या आणि फुटलेल्या गोळा करायच्या. पंचेचाळीस रविवार त्यानं असे कोरडे काढले होते. दारू सोडलेल्या माणसाकडे लोक आदरानं बघतात असं त्यानं ऐकलं होतं. प्रत्यक्षात लोक घड्याळाकडे बघतात, अजून किती टिकतो म्हणून.

अशात वरून एक परिपत्रक आलं. युवकांच्या प्रबोधनासाठी व्हिडिओ स्पर्धा. विषय दारू, तंबाखू, अमली पदार्थ, रस्ता सुरक्षा आणि मोबाइलचा अतिवापर. कालावधी तीन मिनिटं. शेवट आशावादी असावा. एवढी संकटं तीन मिनिटांत फक्त मराठी सिनेमातल्या आईवर येतात, पण राष्ट्रीय सेवा योजनेचं काम बघणाऱ्या दीपमाला मॅडम हिमतीच्या होत्या. राज्यशास्त्र शिकवणारी बाई परिपत्रकाला भीत नाही. त्यांनी एका रात्रीत संहिता लिहिली आणि सकाळी शिक्षकांच्या खोलीत विचारलं, "दारुड्याचा रोल कोण करेल?"

सगळे दाराकडे बघू लागले. दारात चहाचा ट्रे घेऊन खुशालराव उभा होता.

"मॅडम, मी सोडली ना आता," खुशालराव म्हणाला.

"म्हणून तर. अनुभव आहे आणि धोकाही नाही."

"मंग मले सोडलेलाच दाखवा ना. मी सांगतो कशी सोडली थे. पयले पंधरा दिवस हात कसे थरथरतात, रविवार कसा मोजतात..."

"काका, सोडणं दिसत नाही हो कॅमेऱ्यात," मॅडम कळवळून म्हणाल्या. "माणूस नुसता बसलेला दिसतो. परिपत्रकात 'दुष्परिणाम' म्हटलंय. दुष्परिणाम करायला प्यावीच लागते."

खुशालराव तयार झाला त्याला कारण होतं. त्यानं मनाशी हिशेब केला की आपण व्यसनमुक्तीच्या सरकारी व्हिडिओत झळकलो, तर तो जमुनाला दाखवता येईल. नाकाच्या साक्षीला सरकारची जोड. ज्याला सासुरवाडीनं पंचेचाळीस वेळा हुंगलंय त्याच्या डोक्यात असले विचार येतात, त्याला दोष देऊ नये.

बुधवारी चित्रीकरण ठरलं. नारळ प्राचार्यांनी फोडला. त्यांच्या गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा होता, त्यामुळे व्यसनमुक्तीवरचं उद्घाटनाचं भाषण त्यांनी हातवाऱ्यांनी केलं. टाळ्या पडल्यावर ते कुंपणापाशी जाऊन तोंड मोकळं करून आले. कॅमेरा म्हणजे बारावीतल्या कुलदीपचा मोबाइल. बायकोच्या भूमिकेत अकरावीची प्रणाली, आईचं लुगडं नेसून. अमली पदार्थ म्हणून ग्लुकोजची पावडर आणली होती, ती दुपारपर्यंत पोरांनीच खाऊन संपवली.

बाटली मात्र खरी होती. कॉलेजच्या मागच्या भिंतीशी शोधली तर एक मागता अकरा सापडल्या. खुशालरावनं त्यातली एक घेतली, प्रयोगशाळेच्या बेसिनवर तीनदा धुतली, चौथ्यांदा गरम पाण्यानं विसळली आणि तिच्यात कोरा चहा भरला. तरी बूच उघडलं की तळातून तो वास यायचाच, जुन्या दोस्तानं गर्दीत नाव घेऊन हाक मारावी तसा. खुशालराव थोडा वेळ बाटली धरून उभा राहिला. मग त्यानं कुलदीपला सांगितलं, "बुचासकटच पितो. तू दुरून काढ."

पहिला शॉट. खुशालराव दारातून आला, भिंतीला हात टेकला, पायातल्या चपला काढल्या, वाकला आणि त्या जोडीनं नीट लावल्या. शेजारी मॅडमच्या होत्या, त्याही लावल्या.

"कट!" मॅडम ओरडल्या. "हे काय?"

"पेल्यावर मी असाच करत होतो मॅडम. चपला लावत होतो. घरच्या, शेजाऱ्याच्या, लग्नात गेलो तं मांडवाच्या."

"शिव्या?"

"नाई."

"मारहाण?"

"आजपर्यंत मुंगीले नाई."

मॅडमना घाम फुटला. "काका, असं दाखवलं तर लोक म्हणतील दारूनं घर आवरलेलं राहतं. बाया नवऱ्यांना पाजतील. तुम्ही चपला भिरकवा. आणि प्रणालीवर हात उगारा."

खुशालरावनं चपला भिरकावल्या. तेरा वेळा भिरकावल्या, कारण दर वेळी फेकता फेकता त्याचा हात त्या सरळ ठेवायला जायचा. झोकांडी खायला कुलदीपनं शिकवली. "काका, डावीकडे झुका. नाई, एवढं नाई, एवढं तं भूकंपात झुकतात." चौदाव्या वेळी जमलं. त्यानं हात उगारून प्रणालीला "ए भवाने, जेवाले वाढ!" म्हणून दरडावलं आणि लगेच हात जोडून म्हणाला, "माफ कर वो बाई." ते पुढे कापलं.

त्यानंतर त्यानं पावडर हुंगली, एका हातात मोबाइल धरून हेल्मेट न घालता स्कूटी चालवली आणि कडुनिंबावर आदळून मेला. त्याच्या फोटोला हार घातला. शेवटी मॅडम समोर येऊन म्हणाल्या की आयुष्य सुंदर आहे. एकूण तीन मिनिटं दोन सेकंद. दोन सेकंद आयुष्यातून कमी केले.

दोन आठवड्यांनी निकाल आला. उत्तेजनार्थ बक्षीस. कुलदीपला इतका आनंद झाला की त्यानं व्हिडिओ आपल्या मोबाइलच्या स्टेटसला ठेवला. आता स्टेटसला लांब व्हिडिओ मावत नाही, त्याचे तुकडे पडतात. याचे सहा पडले. पहिल्यात खुशालराव पितो, चपला भिरकावतो आणि बायकोवर हात उगारतो. पाचव्यात त्याच्या फोटोला हार आहे. आयुष्य सुंदर आहे हे सहाव्यात आहे, आणि अख्ख्या वऱ्हाडात सहाव्यापर्यंत बघणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

कोणी पहिला तुकडा पुढे पाठवला, कोणी पाचवा. शुक्रवारी सकाळी अकोल्याहून खुशालरावच्या मुलीचा, आचलचा फोन आला. ती तिथे होस्टेलवर राहून शिकत होती.

"बाबा, तुमी हाय ना?"

"हाय ना. काहून?"

"काई नाई. माही रूममेट रडून राहिली होती. मले म्हने धीर धर."

"तू काय म्हनली?"

"मी म्हनलं, हार चांगला हाय, बाबा एवढे मरत नाईत. ठेवते, लेक्चर हाय."

दुपारी पुंजारामचा फोन आला. त्याला पहिला तुकडा मिळाला होता.

"भाऊजी, रविवारी येऊ नका."

"अरे, थो व्हिडिओ हाय. सरकारी हाय."

"आता पिणंबी सरकारी झालं का? अख्ख्या ग्रुपवर फिरून राहिले तुमी. बाईवर हात उगारून राहिले. ताईनं पाह्यलं."

"काय म्हनली?"

"काई नाई म्हनली. तीनदा पाह्यलं अन् भाजी चिरायले बसली."

हे शेवटचं वाक्य खुशालरावला सगळ्यात लागलं. जमुना घर सोडून गेली त्या दिवशीही ती फार बोलली नव्हती. त्यांच्याकडे आलेल्या तिच्या वडिलांचा श्वास लागला होता, तिनं त्याला ऑटो आणायला पिटाळलं होतं, आणि दीड तासानं तो पिऊन चौकातल्या मंदिरासमोर सापडला. चपलांच्या दोनशे जोड्या ओळीत लावून झाल्या होत्या आणि भाविक त्याचं कौतुक करत होते. म्हातारा दवाखान्यात पोचेपर्यंत गेला होता. जाताना जमुना एकच बोलली होती, "मारकुटे असते तं लोकाइनं माहं खरं तं मानलं असतं. इथं समदे म्हनतात, किती गुनाचा मानूस."

शनिवारी मॅडमनी त्याला परीक्षकांच्या अभिप्रायाचा कागद दिला. कलाकारांच्या रकान्यात लिहिलं होतं, 'मद्यपीचा अभिनय कृत्रिम व अतिरंजित वाटतो. निरीक्षण वाढवावे.' एकोणीस वर्षांचं निरीक्षण असलेल्या खुशालरावनं तो कागद घडी करून खिशात घातला. आयुष्यात पहिल्यांदा नापास झाल्याचा त्याला आधार वाटला.

रविवारी तो बसमध्ये बसला. अठ्ठेचाळिसावा रविवार.

ओट्यावर त्या दिवशी गर्दी होती. अर्धे लोक त्याची खरडपट्टी बघायला आले होते. राहिलेले अर्धे पाचवा तुकडा बघून सांत्वनाला आले होते आणि मयताला स्वतःच्या पायानं फाटकातून येताना बघून त्यांचा जरा विरसच झाला. चपलांचा हा ढीग पडला होता. एकीचं तोंड दुसरीकडे नव्हतं, आणि पुंजारामची एक तर उंबऱ्यासमोर चक्क उलटी पडली होती. उलटी चप्पल म्हणजे घरात भांडण हे सगळ्यांना माहीत असतं. खुशालरावचे हात शिवशिवले. त्यानं ते खिशात घातले.

"आले!" पुंजाराम म्हणाला. "म्हनलं होतं ना येऊ नका?"

"आंदी हुंगा," खुशालराव म्हणाला आणि 'आ' करून बसला.

माणिकबाई वाकल्या. दोनदा हुंगलं. त्यांनी तिसऱ्यांदा हुंगलं. "बडीशेप हाय. दुसरं काई नाई."

"आज नसन," पुंजाराम म्हणाला. "व्हिडिओच्या दिवशी होती ना! मायच्या नाकाले त्या दिवसाचं कसं येईन?"

खुशालरावनं परीक्षकांचा कागद काढला. पुंजारामनं तो मोठ्यानं वाचला. 'कृत्रिम व अतिरंजित' ऐकून एक सांत्वनवाला हळहळला.

"सायेब लोकाइले काय समजते?" पुंजारामनं कागद परत दिला. "थे पितात बंद खोलीत. मोजनी एकपासून. बस्स."

एकपासून म्हणजे आणखी एक अख्खं वर्ष. खुशालराव आतल्या दाराकडे बघत राहिला. खरं सांगायचं तर सत्तेचाळीस रविवारांचं नव्हे, त्यांच्या मधल्या प्रत्येक संध्याकाळचं सांगावं लागलं असतं, आणि मॅडम म्हणाल्या होत्या तेच खरं होतं. ते दिसत नाही.

जमुना बाहेर आली. हातात पुंजारामचाच मोबाइल होता. तिनं तो भावासमोर धरला आणि पहिला तुकडा लावला.

"पाह्य. काय करून राहिला हा मानूस?"

"पिऊन राहिला."

"पुढं?"

"चपला फेकून राहिला."

"हां," जमुना म्हणाली. "एकोणीस वर्षं मी पेलेला मानूस पाह्यला. यानं प्याली असती तं आंदी माह्या चपला लावल्या असत्या, मंग तुह्या, मंग बाजूवाल्याच्या. अन् त्या पोरीले हात जोडून नमस्कार केला असता. हा कोरडा ठनठनीत हाय. पेलेल्या मानसाले एवढं वाईट वागता येत नाई, निदान याले तं नाई येत."

पुंजारामनं एकदा मोबाइलकडे बघितलं, एकदा भाऊजींकडे.

"मंग तू तीनदा काहून पाह्यलं?" त्यानं शेवटचा प्रयत्न केला.

"हसू आलं म्हनून," जमुना म्हणाली. ती हसली मात्र नाही. "चार रविवार राह्यले. एकबी माफ नाई."

"हाओ," खुशालराव म्हणाला.

"माय, चहा ठेवते."

चहा झाला. सांत्वनवाल्यांनीही घेतला, आलेच होते म्हणून. एक वाजताच्या बसची वेळ झाली तसा खुशालराव उठला आणि ढिगापाशी येऊन थांबला. त्याच्या स्वतःच्या चपला तळाशी गेल्या होत्या. हात खिशातच ठेवून तो पायानं उकरू लागला. पुंजारामची उलटी अजून तशीच होती.

"जवाई," माणिकबाई म्हणाल्या, त्यांच्या पायाला ती लागली असावी, "थे उलटी हाय वाट्टे. सुलटी करा ना बाप्पा, घरात कटकट नको."

खुशालरावनं दाराकडे बघितलं. जमुना कप घेऊन उभी होती आणि त्याच्या हातांकडे बघत होती. ओट्यावरचे सगळेच बघत होते.

"करा," ती म्हणाली. "एकच करा. जोडी लावू नका."

त्यानं अंगठ्यानं ती चप्पल सुलटी केली. तिची जोडीदारीण दोन हातांवर, तोंड तिसरीकडे करून पडली होती. तिला त्यानं तिथेच राहू दिलं, दोन्ही मुठी खिशात घट्ट वळल्या आणि फाटकातून बाहेर पडला.

आत कॅलेंडरवर खूण पडली.