शेवटचा ग्लास मागणारा गोरा

"अब्बा, त्या गोऱ्याचं भूत तुम्ही स्वतः बघितलंय का?"

सगळ्या गिऱ्हाइकांसमोर हे विचारून दाखव, असं झरीन आणि क्षितिजा या माझ्या मैत्रिणींनी मला चॅलेंज दिलं होतं. विचारलं की! आणि मोठ्याने. यंदा शाळेत वक्तृत्वात पहिली आल्यापासून मी कुणाला घाबरत नाही.

इथे आखातात, शर्क भागातल्या या जुन्या हॉटेलच्या तळमजल्यावर दारूबंदीच्या आधी पब होता. आता तिथे कॉफी मिळते, पण लाकडी काउंटर तोच. बोटीवरचा एक गोरा इंजिनीअर तिथे शेवटचा ग्लास मागता मागता मेला म्हणे, आणि अजून मागतो. दर शुक्रवारी संध्याकाळी ही गोष्ट माझे अब्बा सांगतात. दिवसभर वेटरचं काम उरकून. जन्मात दारूला हात न लावलेले आमचे अब्बा काउंटर धरून झोकांड्या खातात, जड जिभेने "वन मोअर" म्हणतात, आणि लोक व्हिडिओ काढतात.

माझा प्रश्न ऐकून झोकांडी अर्धीच राहिली. अब्बा खुर्चीत बसले.

"नाही बेटा. काहीच नाही बघितलं. पाय दुखतात फक्त."

लोकांनी फोन खाली ठेवले. एक बाई बिल मागू लागली. मॅनेजर रविकांत अंकल जवळ येऊन पुटपुटले, "साबीरभाई, काय हे? गोष्टीसाठीच मालकाने तुम्हाला ठेवलंय. नाहीतर वेटर काय, कुणीही मिळेल."

"झालं समाधान?" मी झरीनला म्हटलं.

"मला काय बोलतेस? विचारलंस तू!"

खरंच होतं. मी उठले, काउंटरपाशी गेले आणि इंग्रजीत सुरू केलं, "अब्बांना तो कसा दिसणार? तो त्यांच्या पाठीमागे उभा असतो ना!" पुढचं सुचत गेलं. बिल मागणारी बाई पुन्हा बसली. मी वळून पाहिलं तर अब्बांना खुर्चीतच डुलकी लागली होती.

फरवानियाला घरी आल्यावर अम्मी त्यांच्या पायांना तेल चोळत बसली. सगळं ऐकून तिचा हात थांबला.

"दारुड्याची गोष्ट आणि पोरीनं सांगायची? गावी रत्नागिरीला कळलं तर?"

"कळू दे," अब्बा डोळे मिटूनच म्हणाले. "चांगली सांगते गो ती. पण तिचा अभ्यास..."

"अभ्यास गुरुवारी उरकेन," मी म्हटलं. "रविकांत अंकलना सांगून आलेय. शुक्रवारची गोष्ट यापुढे मी सांगणार, आणि अब्बा, तुम्ही बसून राहायचं."