डावी कळी

मी महिपत गुरव. केळशीच्या खाडीपलीकडच्या आमच्या गावात देवाला कौल लावायचं काम पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घरात. पण यंदा, एकतीस साली, चिमानं मला त्याचा वीट आणला.

तिचा नवरा केरू वैशाखअखेर मचव्यावर मासळीला गेला तो आलाच नाही. त्या सकाळी तो म्हणाला होता, वारा बरा दिसत नाही. ही म्हणाली, बायकांसारखा घरात काय बसतोस? झालं. तेवढं एक वाक्य घेऊन बाई रोज देवळात हजर.

"गुरवदादा, इचारा देवाला. माझ्या बोलण्यानं गेला काय?"

मी देवाच्या छातीवर दोन ओल्या कळ्या लावायचो. उजवी आधी पडली तर तिचा दोष नाही, डावी पडली तर आहे. उजवी पडायची. घरी पोचेपर्यंत तिला बरं वाटायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच पालुपद.

"अगो, देवानं एकदा सांगितलंन ना? मन चिंती ते वैरी न चिंती."

"कळतंय वो. पण चूल फुंकताना येतं, तांदूळ निवडताना येतं. मी काय बोलवायला जाते?"

मी खेकसायचो, कारण मला भीती वाटायची. डावी पडली तर विहीर जवळ करीन, असं ती शेजारणीला बोलली होती. आणि रोज लावल्यावर डावी कधीतरी पडणारच. म्हणून मी डावी कळी गंध लावून घट्ट दाबायला लागलो. बाप असता तर त्यानं मला देवळातून हाकललं असतं.

शेवटी तिला म्हटलं, "आता फक्त सोमवारी यायचं. मधे विचार आला की त्याला सांग, सोमवारी ये, देवळात बोलू. आणि हातातलं काम सोडायचं नाही."

पहिल्या सोमवारी डोळे सुजवून आली. चौथ्या सोमवारी दुपार टळल्यावर आली. भाद्रपदात एक सोमवार चुकला. मी म्हटलं, सुटलो. खोटं कशाला बोलू, विहिरीत डोकावून आलो.

पण तोवर तिचं दुखणं मला लागलं होतं. देवाला फसवलं, देवाला फसवलं. जेवताना तेच, घंटा वाजवताना तेच.

काल सोमवारी ती आली आणि म्हणाली, "आज काय इचारायचं नाय." मला राहवलं नाही.

"चिमे, डावी कळी मी चिकटवायचो. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही."

"ठाव हाय. तुमचं बोट दिसायचं की."

"मग येत कशाला होतीस?"

"तेच बघायला. देवाच्या मनातलं देवाला ठाव. पण मी जगावं असं कुणाला तरी वाटत होतं."

तिनं समईत तेल घातलं आणि निघाली. पायरीवर थांबून म्हणाली, "आता तुमी पण सोमवारीच, गुरवदादा. मधी इचार आला तर त्याला सांगा."

आज मंगळवार. मी समया घासतोय.