‘काय चुकलं’चं पान

माझ्या नाकावर राग असतो, हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी सांगायला नको. सव्वीस वर्षं शाळेत शिकवतेय. आणि माझी सख्खी धाकटी बहीण आपल्या एकुलत्या एका मुलीला शाळेतून काढून घरी शिकवायला बसली, तेव्हा माझ्या डोक्याचं काय झालं असेल ते तुम्हीच बघा.

भाचीला मी घुमी म्हणते. अकरा वर्षांची. गणितात हुशार, वाचन दांडगं, पण चार माणसं दिसली की तोंडाला कुलूप. दुसरीत वर्गासमोर वाचताना अडखळली, मुलं हसली, तेव्हापासूनचं हे. म्हणून बहिणीने तिला घरी आणलं. मी म्हटलं, अगं बाई, घरात बसवून ती बोलायला शिकणार कुणाशी, भिंतींशी? त्यावरून आमचं सहा महिने वाजलं. बहीण म्हणे, तिला मुलांच्या क्लबात घातलंय, घरी शिकणारी बरीच मुलं तिथे येतात, ती सुधारतेय. शेवटी तोड निघाली. क्लबात वर्षअखेरीस प्रत्येकाला आपलं काम सगळ्यांसमोर उभं राहून सांगावं लागतं, परीक्षकाला पटलं तर बिल्ला मिळतो. घुमी बोलली, तर मी शाळेचं नाव काढायचं नाही. नाही बोलली, तर नव्या वर्षी ती माझ्या शाळेत. बहीण हो म्हणाली, पण तिचा चेहरा एवढासा झाला. मला वाईट वाटलं. जरासंच.

एका शनिवारी मी क्लब बघायला गेले. खरं सांगायचं तर नावं ठेवायलाच गेले होते. जुनं गोदाम, वर पत्रे. एका बाजूला सुतारकामाचं टेबल, दोन शिवणयंत्रं, आणि मागे सहा सायकली चाकं वर करून ठेवलेल्या. चौदा वर्षांची एक मुलगी नऊ वर्षांच्या पोराला पंक्चर शोधायला शिकवत होती. ट्यूब पाण्यात बुडवायची, बुडबुडे कुठून येतात ते बघायचं. पोराने चार वेळा चुकवलं, ती चारही वेळा गप्प बसली. माझ्याच्याने नसतं झालं, देवाशपथ. कुणी कुणावर ओरडत नव्हतं आणि तरी काम चाललं होतं, हे बघून मी जरा वरमले.

घुमीचा सायकलींचा गट एक बाई चालवायची, मुलं तिला सायकलताई म्हणत. स्वतःचं दुरुस्तीचं दुकान, नखांत कायमचं काळं ग्रीस. तिने मला एक कपाट उघडून दाखवलं. आत वह्याच वह्या. प्रत्येक मूल वर्षभर आपल्या कामाची वही लिहितं, आणि शेवटच्या पानाचं नाव ‘काय चुकलं’. वर्ष संपलं की वही घरी न्यायची नाही, ती कपाटात राहते. पुढच्या वर्षी नवीन मूल आलं की हत्याराला हात लावण्याआधी त्याने ही शेवटची पानं वाचायची. मनात म्हटलं, हे आपल्याला का नाही सुचलं? तोंडाने अर्थातच काही बोलले नाही.

मग मी काय केलं ते ऐका. कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी घुमीची वही बघायला मागितली. अक्षर सुरेख, ब्रेकच्या आकृत्या बघत राहाव्यात अशा. शेवटच्या पानावर लिहिलं होतं: पुढच्या चाकाचा एक नट हातानेच फिरवून ठेवला, नंतर आवळू म्हणून विसरले, तिसऱ्या दिवशी क्लबातल्या सुताराचा मुलगा त्या सायकलवरून पडला, हनुवटीला तीन टाके. मी कपाळाला हात लावला. असं कुणी स्वतःच्या हाताने लिहून परीक्षकापुढे ठेवतं का? ती हरली तर माझंच खरं होणार होतं, पण माझी भाची आणि वही अशी, हे मला बघवेना. मास्तरणीची खोड, दुसरं काय. नवी वही आणली, तिला समोर बसवून सगळं पुन्हा लिहून घेतलं, आणि शेवटच्या पानावर मीच सांगितलं, लिही, विशेष काही चुकलं नाही. तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि लिहिलं. जुनी वही मी रद्दीत घातली. बहिणीला पत्ता लागू दिला नाही.

कार्यक्रमाला चाळीसेक माणसं होती. परीक्षक म्हणून एक म्हातारा मेकॅनिक आला होता. घुमी सायकलशेजारी उभी राहिली, हाताने ब्रेक दाखवला, चेन दाखवली, तोंडातून अक्षर नाही. म्हाताऱ्याने वही चाळली, शेवटच्या पानावर थांबला.

“वर्षभरात काहीच चुकलं नाही?”

घुमीने पुढच्या चाकावर हात ठेवला. बहीण खुर्चीचा दांडा घट्ट धरून बसली होती. मी जिंकत होते, तरी बोल ग बाई, असं मी मनात म्हणत होते, खोटं नाही सांगत.

“हे पान खरं नाही,” घुमी म्हणाली. आवाज बारीक होता, पण मागेपर्यंत पोचला. “माझ्याकडून नट सैल राहिला. तो पडला, त्याला टाके पडले. ही वही अशीच कपाटात गेली, तर पुढच्या वर्षी येणाऱ्याला कळणारच नाही.”

मग ती थांबेचना. चाक काढलं, परत बसवलं, दोन्ही नट आवळून चाक उचलून कसं फिरवून बघायचं, ते दाखवलं. सुताराचा पोरगा उठून सायकल धरायला गेला. मधूनच एखादं वाक्य अडखळत होतं, पण कुणी हसलं नाही.

म्हाताऱ्याने विचारलं, पान बदलायला कुणी सांगितलं? माझं नाव तिने घेतलं नाही. मग मीच उभी राहिले आणि म्हटलं, मी. चाळीस माना वळल्या. नियम म्हणजे नियम, खोट्या पानाच्या वहीला बिल्ला मिळत नाही. तिलाही मिळाला नाही. सायकलताईने तिला कोरा कागद दिला, तिने खिडकीच्या कट्ट्यावर बसून पान पुन्हा लिहिलं आणि वहीत चिकटवलं.

सगळं आटोपल्यावर ती माझ्याजवळ आली. मी माफी मागायला तोंड उघडणार, तेवढ्यात तिनेच विचारलं.

“मावशी, तुझ्या शाळेत चुकलेलं तसंच ठेवू देत नाहीत?”

“नाही. खोडून नीट लिहायला लावते मी.”

तिने जरा विचार केला. “मग बाकीच्यांना ते कळतं कसं?”

सव्वीस वर्षांत वर्गातल्या एकाही मुलाने मला हे विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर मी त्याला खाली बसवलं असतं. बहीण बाजूलाच उभी होती. मी तिला म्हटलं, हिला तुझ्याकडेच राहू दे.