हेर नाइन

कौमुदीला बेसबॉलमधलं काही कळत नाही असं म्हणणारा माणूस त्या अख्ख्या गावात एकच होता, आणि तो नेमका तिच्याच घरात राहत होता. प्रसन्न र्युसेल्सहाइमला गिअरबॉक्सवर काम करायचा, रविवारी ताणून द्यायचा, आणि जर्मनीतल्या डार्मश्टाटजवळच्या या एवढ्याशा गावातल्या 'स्टॉर्क्स' नावाच्या दुय्यम लीगच्या संघासाठी बायको एवढा जीव का टाकते, हे त्याला सहा वर्षांत उमगलं नव्हतं. स्टॉर्क्स म्हणजे करकोचे. कौमुदी त्यांना 'आमचे करकोचे' म्हणायची, आणि त्यातल्या 'आमचे'वर जोर द्यायची.

२००६चा मार्च होता. सगळा देश जूनमधल्या फुटबॉल वर्ल्ड कपच्या तयारीला लागलेला, आणि इथे क्लबच्या फेराइन्सहाइममध्ये, म्हणजे मैदानाकडेच्या बैठ्या लाकडी घरात, तीस-पस्तीस वेडी माणसं भर दुपारी केक खात भांडत होती. भांडण पगाराचं होतं, आणि शेवटी मतदान व्हायचं होतं. गावातल्या टाइल्सच्या व्यापाऱ्याने यंदा हात सैल सोडला होता, तरी त्या पैशांत पगारी खेळाडू एकच येणार होता. ट्रेनर ऊवेच्या मनात ओहायोचा एक पिचर भरला होता. पिचर म्हणजे चेंडू फेकणारा. अर्धा सामना त्याच्याच मुठीत. तो आला, की सध्याचा पिचर आपसूक क्लबच्या दुसऱ्या, राखीव संघात ढकलला जाणार.

आणि सध्याचा पिचर हा कौमुदीचा सख्खा दीर होता.

गौरांग डार्मश्टाटला पीएचडीला आला तो पहिला हिवाळा कौमुदी विसरली नव्हती. सदा गप्प, हॉस्टेलच्या खोलीत कोंडून घेतलेला, शनिवारी जेवायला बोलावलं तर ताटाकडे बघत बसणारा. मग एप्रिलात तिने त्याला हाताला धरून मैदानावर आणलं. सांगलीत हा बॉलर म्हणून फुकट गेला होता. त्याचा हात कोपरातून वाकायचा, 'फेकी' टाकतो म्हणून पंच नोबॉल देऊन देऊन त्याला जेरीस आणायचे. इथे तर फेकणं हेच काम. पहिल्याच दिवशी त्याचा चेंडू सुसाट गेला आणि ऊवेने तोंडातली शिट्टी काढून नुसतं बघत राहायचं ठरवलं. त्या रात्री पोरगं पाच पोळ्या जेवलं. आता त्याने परवाच सांगितलं होतं, 'वहिनी, दुसऱ्या संघात टाकलं तर मी सोडून देईन. तिथे बसून मला काय करायचंय?' ते शांतपणे म्हणाला होता, म्हणूनच कौमुदीच्या काळजात चर्र झालं होतं.

तेव्हा ती आज पदर खोचून आली होती, निदान मनातल्या मनात. अंगावर जॅकेट होतं.

"आल्झो, हे बघा, अमेरिकन आणला की लोक तिकीट काढून येतील," युर्गेन म्हणाला. हा निवृत्त पोस्टमन, टोपी न काढणारा, आणि कौमुदीचा स्टँडवरचा शेजारी. दोघांचं प्रत्येक गोष्टीवर वाजायचं, आणि एकमेकांशिवाय दोघांनाही सामना गोड लागायचा नाही.

"लोक यायला येतील. पण पगार, त्यावर राहायला वोनुंग, त्यावर गाडी. हा जावई आणताय का पिचर?" कौमुदी म्हणाली. "गेल्या वर्षी आपण हरलो ते फेकण्यामुळे नाही, पकडण्यामुळे. चेंडू अडवणं हेच ज्याचं काम, त्या आपल्या शॉर्टस्टॉपच्या पायांतून इतके चेंडू गेले, की मला वाटलं त्याने तिथे बोगदा काढलाय. पगार द्यायचाच तर चांगला शॉर्टस्टॉप आणा. फेकायला गौरांग आहे, तो तर फुकट फेकतो."

"फुकट आहे म्हणून ठेवायचा?"

"चांगला आहे म्हणून ठेवायचा. फुकट हे वरचं."

लोक हसले. बाजी आपल्याकडे झुकतेय हे कौमुदीला दिसलं आणि ती सुखावली. तेवढ्यात हेल्गा कॉफीची किटली घेऊन आली. हेल्गा क्लबचं स्वयंपाकघर सांभाळायची. "कॉफी?" तिने विचारलं. तोंडात केकचा घास असल्यामुळे कौमुदीने नुसती मान डोलावली. हेल्गा युर्गेनच्या कपात ओतून पुढे निघून गेली. ही बाई नेहमी अशीच. सहा वर्षांत हिने आपल्याला धड कॉफी कधी दिली नाही, ही कौमुदीच्या मनातली जुनी अढी होती.

"प्रश्न गौरांगच्या हाताचा नाहीच आहे," ऊवे म्हणाला. "मतियास, तू सांग. एकदाचं सांगून टाक."

मतियास क्लबचा कॅचर. सुतारकाम करणारा, धिप्पाड आणि लाजाळू. कॅचर बॅटवाल्याच्या मागे उकिडवा बसतो आणि बोटांनी खूण करतो, की आता अमुक चेंडू टाक. पिचरला पटलं तर तो होकार देतो, नाही तर मान हलवून नकार देतो आणि कॅचर दुसरी खूण दाखवतो.

"मला त्याच्याबद्दल वाईट बोलायचं नाही," मतियास टेबलाकडे बघत म्हणाला. "पण तो मला मानतच नाही. एक बोट दाखवलं, नाही. दोन दाखवली, नाही. तीन, नाही. सगळ्या खुणा संपतात, मी पुन्हा पहिल्यावर येतो, तरी नाही. मग वैतागून मी हात खाली घेतो, तेव्हा तो टाकतो. ऑगस्टच्या सामन्यात पंचांनी वेळकाढूपणाची ताकीद दिली, आठवतंय ना? लक्ष उडालं आणि तो सामना गेला. वर्षभर एक माणूस मला नाही नाही म्हणतोय. मीही माणूस आहे."

गौरांगचं 'हेर नाइन' हे नाव स्टँडवर याच कारणाने पडलं होतं: हेर म्हणजे श्रीयुत, नाइन म्हणजे नाही. सांगलीला सासूबाईंनी फोनवर ते ऐकून घाबरून विचारलं होतं, की आमचा गौरांग हेर कधीपासून झाला, आणि कौमुदी पोट धरून हसली होती. आता तिला हसू येईना. माणसं गौरांगकडे चोरून बघत होती. तो दाराजवळच्या बाकावर खाली मान घालून बसला होता; उलट बोलणं त्याच्या स्वभावातच नव्हतं.

पण कौमुदीला काहीतरी टोचत होतं. हट्टी? गौरांग? जो वाढणाऱ्याला नको म्हणता येत नाही म्हणून पाचवी पोळी खातो तो? त्याने उभ्या जन्मात कोणाला नाही म्हटलेलं तिने ऐकलं नव्हतं. कुठेतरी पाणी मुरत होतं.

"कॉफी?" हेल्गा परतीच्या वाटेवर होती. विचारात बुडालेल्या कौमुदीने मान डोलावली. हेल्गा किटली घेऊन पुढे गेली.

आता मात्र कौमुदीच्या कपाळाची शीर उडाली. "हेल्गा, मी तुझं काय घोडं मारलंय? मला कॉफी का देत नाहीस?"

हेल्गा थबकली. "तूच तर नको म्हणतेस. सहा वर्षं नको म्हणतेस. मला वाटलं, तुम्ही लोक चहाच पिता."

"मी कधी नको म्हटलं?"

"आत्ता." आणि हेल्गाने मान हलवून दाखवली. इकडून तिकडे, जरा तिरकी, जरा सैल. थेट कौमुदीचीच मान.

कौमुदीच्या डोक्यात ट्यूब पेटली. ऑफिसात ती तोंडाने 'जा, गेनाऊ', म्हणजे 'हो, बरोबर', म्हणायची म्हणून इतकी वर्षं निभावलं होतं. तोंडात केक असला, किंवा तोंड साठ फुटांवर असलं, की उरते ती मान.

ती उभी राहिली. "मतदान थांबवा. गौरांग, चीजकेक घेणार?" हे तिने मुद्दाम जर्मनमध्ये विचारलं.

गौरांगने गोंधळून वर पाहिलं आणि मान डोलावली.

"काय म्हणाला?" तिने खोलीला विचारलं.

"नाइन," सगळे एका सुरात म्हणाले.

"गौरांग, काय म्हणालास रे?" आता मराठीत.

"घेतो म्हटलं, वहिनी. का?"

कौमुदीने त्याचं उत्तर जर्मनमध्ये सांगितलं. मग केकचा तुकडा त्याच्यासमोर ठेवला आणि तो, सगळे बघतायत म्हणून संकोचत का होईना, खाऊ लागला.

मतियास सावकाश उठला. खोलीच्या मधोमध उकिडवा बसला आणि गुडघ्यांमध्ये एक बोट धरलं. गौरांगने मान डोलावली.

"हे जा आहे?" मतियासने विचारलं.

"जा."

"मग मी दुसरी खूण दाखवली, की तुला काय वाटायचं?"

"वाटायचं, तुझा विचार बदलला," गौरांग म्हणाला. "कॅचर तू आहेस, तू म्हणशील ते. पण तू पाच-पाच वेळा बदलायचास. मला तुझी काळजी वाटायची, म्हणून कधी बोललो नाही."

मतियास तसाच उकिडवा बसून हसू लागला, आणि हसता हसता जमिनीवरच टेकला. वर्षभर दोघं एकमेकांना सांभाळून घेत होते. युर्गेनने टोपी काढली. ती त्याच्या डोक्यावरून निघालेली कौमुदी पहिल्यांदाच बघत होती.

"शॉर्टस्टॉपचं काय म्हणत होतीस?" त्याने विचारलं.

"तेच, जे मी जानेवारीपासून सांगतेय," कौमुदी म्हणाली, आणि मग कोणाची हरकत नव्हती. पगार शॉर्टस्टॉपला, चेंडू गौरांगच्या हाती. बहुतेक सगळे हात वर गेले. ऊवेचा थोडा उशिरा गेला, पण गेला.

ऊवेने एकच अट घातली, की गौरांगने मान जर्मनांसारखी वर-खाली हलवायला शिकावं. पंधरा दिवस त्याने मनापासून प्रयत्न केला. पण मानेकडे लक्ष दिलं की हात बिघडायचा आणि चेंडू कुंपणाबाहेर जायचा. शेवटी मतियासनेच ऊवेला सांगितलं, त्याला आहे तसं राहू दे, यातलं काय ते मी बघतो.

एप्रिलात पहिला सामना झाला. कौमुदी आणि युर्गेन आपापल्या जागी होते, आणि या वेळी शेजारी प्रसन्नही होता, जांभया देत. गौरांग चेंडू घेऊन उभा राहिला. मतियासने उकिडवं बसून खूण केली. गौरांगची मान डोलली, तिरकी, सैल, आपल्या घरची. स्टँडवरून सवयीने आरोळी उठली: "नाइन." आणि तिकडे जाळीच्या मुखवट्यातलं मतियासचं भलंमोठं डोकं तसंच डोललं, इकडून तिकडे, जरा अडखळत, पण अगदी बरोबर. मग त्याने हातमोजा पुढे धरला आणि चेंडू सुसाट येऊन त्यात बसला.

कौमुदीचे डोळे भरून आले. प्रसन्नने विचारलं, "चांगलं झालं ना हे?"

तेवढ्यात मागून हेल्गाचा आवाज आला, "कॉफी?" कौमुदीने मैदानावरची नजर न काढता मान डोलावली, आणि हेल्गाने कप काठोकाठ भरला.